तेरा छात्यांचं माप

अंगाला टेप लागली की माणूस खोटं बोलायला लागतो. तोंड गप्प असतं, खोटं बोलतं ते अंग. पोट आत जातं, मान ताठ होते, खांदे मागे सरकतात, आणि शेजारी बायको उभी असेल तर उंचीसुद्धा अर्ध्या इंचानं वाढते. चाळीस वर्षं मी साताऱ्यात शिंपीकाम करतोय. पहिल्या फटक्यात खरं माप देणारी माणसं मला दोनच प्रकारची भेटली, लहान मुलं आणि पैलवान. मुलांना लपवायचं काही नसतं आणि पैलवानांना लपवायची गरज नसते.

म्हणून शिंप्याला कात्रीच्या आधी गप्पा शिकाव्या लागतात. माप घेताना गिऱ्हाइकाला बोलतं ठेवायचं. उसाला तोड मिळाली का, मुलगी कितवीला, असलं काहीबाही विचारायचं. माणूस उत्तर द्यायला लागला की पोट विसरतो, पोट सुटतं, आणि तेवढ्यात कंबर लिहून घ्यायची. उंब्रजचा एक नवरदेव इतका सावध होता की बोलतानाही पोट सोडेना. शेवटी मी विचारलं, "करवल्या किती येणार?" तो बोटांवर मोजायला लागला आणि मोजता मोजता सुटला. छत्तीस म्हणून उभा राहिलेला माणूस एकोणचाळीस निघाला. लग्नात सूट असा बसला की त्याच्या वडिलांनी मला घरच्या मंडळींच्या पंगतीत बसवून आग्रह करकरून जिलेबी वाढली. एका पुढाऱ्यानं जाकिटाला आतून चार खिसे मागितले होते. कशाला, ते मी विचारलं नाही. शिंप्यानं खिसा शिवावा, आत काय जातं ते बघू नये.

ही फुशारकी आधीच मारून घेतली, कारण पुढं जी हकीकत सांगणार आहे तीत ही विद्या माझ्या काहीच कामी आली नाही. मी ती वापरलीच नाही.

माझे अब्बा पलटणीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये दर्जी होते. पत्र्याची एक शेड, तिच्यात दोन मशीनं, आणि समोर दिवसभर चाललेली परेड. माझं लहानपण त्या मशीनच्या पायट्याजवळ गेलं. पुढं अब्बा निवृत्त झाले आणि आम्ही साताऱ्यात दुकान टाकलं. साताऱ्यात लष्करी कपडा शिवणं म्हणजे आचाऱ्याच्या घरी जाऊन भाजी करण्यासारखं आहे. चव सांगायला सगळे तयार. रस्त्यावर दहा माणसं जमली की त्यांत दोन तरी माजी सैनिक निघणार, आणि उरलेल्या आठांच्या घरात एखादा असणारच. सव्वीस जानेवारीच्या आधी आठवडाभर माझ्या दुकानात ब्लेझर घेऊन रांग लागते. मागणी एकच असते. "मास्तर, कमरेला जरा उसवा."

अब्बांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली. पँटीच्या कमरेला मागं शिवणीच्या दोन्ही अंगांना दोन इंच दाब सोडायचा, म्हणजे जादा कापड आत दुमडून ठेवायचं. माणूस वाढतो, कापड वाढत नाही, असं ते म्हणायचे. ही शिकवण किती उपयोगी आहे ते त्या रांगेतल्या प्रत्येकाला माहीत आहे.

सिनेमाचं काम मला ह्या वर्दीमुळंच मिळालं. वाईपासून साताऱ्यापर्यंत शूटिंगवाल्यांची सारखी ये-जा असते, आणि पोलीस किंवा फौजी दाखवायचा झाला की कुणीतरी माझ्या दुकानाचा पत्ता देतं. सिनेमाचा कपडा शिवण्यात अर्धं काम शिवणीचं आणि अर्धं नासधुशीचं. कोरी करकरीत खाकी कॅमेऱ्यापुढं दुकानातल्या पुतळ्यावर घातल्यासारखी दिसते. म्हणून शिवून झाली की ती सोड्यात उकळायची, विटेनं घासायची, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायची. कॉलर आणि कोपरं तारेच्या ब्रशनं विरवायची. पहिल्यांदा हे करताना माझे डोळे भरून आले होते. आपल्या हातचं चांगलं कापड विटेनं घासणं सोपं नसतं.

चुका मात्र खपत नाहीत. एकदा वाईच्या घाटावर शूटिंग होतं. नायक मेजर झालेला. बघ्यांमध्ये भाजीची पाटी घेऊन एक बाई उभी होती. ती मोठ्यानं म्हणाली, "आवं, आमच्या मालकांची टोपी उजव्या कानावर असायची. ह्यो बाबा डाव्या कानावर पाडून कुटं निगाला?" शॉट थांबला. टोपी नायकानं स्वतःच घातली होती, तरी मान खाली माझीच गेली. त्या बाईचे मी मनापासून आभार मानले आणि वांगी तिच्याकडूनच घेतली.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

पुण्याच्या मधुरा मॅडम नावाच्या दिग्दर्शिका. वय पस्तिशीचं, आवाज बारीक, पण शंभर माणसं त्या आवाजावर हलायची. त्यांचा विनोदी चित्रपट होता. काळ महायुद्धाचा. गोरा साहेब गावात भरतीला येतो, तरणी पोरं आधीच भरती होऊन गेलेली, आणि ठरलेला आकडा भरायचा म्हणून तो गावातली तेरा अर्धवयीन माणसं पकडून नेतो. न्हावी, गुरव, दोन बायकांचा दादला, दमेकरी, असे सगळे. त्यांचे शिपाई होताना जे हाल होतात, तो सिनेमा. मॅडमना दोनच नट बाहेरचे हवे होते. बाकी अकरा जण खरे गावकरी, खऱ्या पोटांचे.

गाव निवडलं ते रहिमतपूरपासून थोडं आत, माळाला लागून. नाव लिहीत नाही, पण फौजेत माणूस नाही असं घर तिथं सापडणं अवघड. साहजिकच, जे पन्नाशीचे पुरुष शूटिंगसाठी गावात मोकळे सापडले, ते म्हणजे जे फौजेत गेले नव्हते ते. ही साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती.

सोसायटीच्या गोडाऊनमध्ये खताच्या पोत्यांशेजारी मी मापं घेतली. एका दुपारी तेराच्या तेरा. मॅडमनी सांगितलं होतं की कपडा नेहमीसारखा शिवा, गंमत कपड्यात नाही, माणसांत आहे. मी टेप काढली आणि पहिला माणूस पुढं आला. छाती अशी वर आली की मला वाटलं गड्यानं उमेदीत तालीम केली असणार. दुसरा आला, तोही तसाच. तिसरा, चौथा. गप्पा मारायचा प्रयत्न केला तर कुणी बोलेना. नुसते समोरच्या भिंतीकडं बघत ताठ. मला वाटलं, गावच फौजी, इथल्या छात्या अशाच असणार. गावाच्या कीर्तीला भुललो आणि लिहीत गेलो. चाळीस, एकेचाळीस, चाळीस. कंबर मात्र चौतीसच्या वर एकाची नाही.

त्यांत एक दिनकर होता. वय चौपन्न. ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम करायचा. खांद्यावर व्हॉल्व्ह उघडायची लांब लोखंडी किल्ली टाकून तो सकाळी गल्लोगल्ली फिरायचा. माप देताना तो इतका ताठ उभा राहिला की त्याच्या मानेची शीर उडताना मला दिसली. ती बघूनही मला शंका आली नाही. चाळीस लिहिलं आणि म्हणालो, "झालं." तेव्हा त्यानं श्वास सोडला. तो सोडल्याचा आवाजसुद्धा मी ऐकला. पण तोवर माझी टेप पुढच्याच्या गळ्यात होती.

पंधरा दिवसांनी ट्रायल. तेरा माणसं खाकी शर्ट आणि गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या घालून गोडाऊनच्या बाहेर आली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. शर्ट छातीवरून पोत्यासारखे लोंबत होते. चड्ड्यांची बटणं लागत नव्हती. एकानं सुतळी बांधली होती, दुसऱ्यानं दोन्ही हातांनी चड्डी धरून ठेवली होती. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बाहेरचे दोन नट सोडले तर हे सगळे आयुष्यात कधी ना कधी भरतीला उभे राहिलेले होते आणि परत आलेले होते. भरतीत छाती दोनदा मोजतात, एकदा साधी आणि एकदा फुगवून. फुगवून पाच सेंटिमीटर वाढली पाहिजे. तीस वर्षं झाली तरी छातीला टेप लागल्याबरोबर त्यांनी आपोआप श्वास भरून धरला होता आणि पोट आत ओढलं होतं. मुद्दाम त्यांच्यातल्या कुणीच केलं नव्हतं, आणि दोन्ही नट त्यांचं बघून ताठ झाले होते. मी ज्याला फौजी छाती समजलो, ती न झालेल्या भरतीची छाती होती.

मॅडम हसता हसता खाली बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही कमाल केलीत. अगदी हेच पाहिजे होतं. आता ह्याला हात लावू नका." सगळं युनिट हसत होतं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. खरं तर तिथंच मी सांगायला हवं होतं की ही कला नाही, माझी चूक आहे. पण शाबासकी मिळत होती आणि मी ती घेतली. त्याची खंत मला अजून आहे.

हसला नाही तो दिनकर. चहाच्या सुट्टीत तो माझ्याजवळ आला, चड्डी एका हातानं सावरत.

"मास्तर, माझा तेवडा नीट करून द्या की."

"मॅडम नको म्हणतायत, दिनकरराव."

"शूटिंगला ह्योच घालतो. पर एक जोड नीट शिवा. घडीभर घालायचाय. आमच्या आण्णांना दावायचाय."

मग त्यानं जे सांगितलं ते असं. आण्णा म्हणजे त्याचे वडील. सुभेदार म्हणून निवृत्त, वय शहाऐंशी, दोन लढाया बघितलेले. दिनकर तीन वेळा भरतीला उभा राहिला. धावण्यात पहिला यायचा, पण छाती फुगवून चारच सेंटिमीटर वाढायची. तिसऱ्या वेळेला परत आला त्या दिवसापासून आण्णा त्याच्याशी कामापुरतं बोलतात, आणि बोलताना तोंडाकडं बघत नाहीत. सिनेमात वर्दी घालणार हे कळल्यावर म्हणाले, "वर्दी मिळवावी लागती. भाड्यानं आनलेली घालून माझ्या दारात यिऊ नगंस."

"एका डोळ्यानं दिसत न्हाई तेंला," दिनकर म्हणाला. "दुसऱ्यात थोडा उजेड हाय. आपरेशन करा म्हनलं तर ऐकत न्हाईत. डाक्टर म्हनला, वरीसभर टिकंल. तवर एकदा बघितलं असतं त्यांनी मला."

मी मॅडमना विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. शूटिंगच्या धांदलीत जादा जोड शिवायला खाकीही नव्हती आणि वेळही नव्हता. आहे तोच जोड नीट केला, तर तेरा ढगळ माणसांच्या रांगेत एकच फिट दिसला असता आणि सगळं चित्र फसलं असतं. त्यांचंही बरोबर होतं.

शूटिंग सुरू झालं. माळावर ह्या तेरा जणांची परेड. उजवीकडं वळ म्हटलं की निम्मे डावीकडं. सलाम ठोकायला हात वर गेला की बटण न लागलेली चड्डी खाली. त्या चड्डीचा मान दिनकरला मिळाला होता. अख्खा गाव बघायला यायचा आणि पोट धरून हसायचा. दिनकर मन लावून काम करायचा. चड्डी घसरायची वेळ तो इतकी नेमकी साधायचा की बाहेरून आलेले नटसुद्धा त्याला विचारायला लागले. पण त्याचं घर माळाच्या कडेलाच होतं. पहिल्या दिवशी त्या घराची माळाकडची खिडकी उघडी होती. हशा उसळला आणि कुणीतरी ती आतून लावून घेतली. मी ते पाहिलं, आणि दिनकरनंही पाहिलं.

चौथ्या दिवशी मला राहवेना. त्या दिवशीचं शूटिंग आटोपल्यावर दिनकरचा शर्ट घडी करून पिशवीत टाकला आणि मी सुभेदारांच्या घरी गेलो. जुन्या काळात पायाला पट्ट्या कशा बांधायचे ते विचारायचं निमित्त काढलं. ते सोप्यात कॉटवर बसले होते. दाढी घोटलेली, सदरा कडक इस्त्रीचा.

"कोन हाय?"

"साताऱ्याचा शिंपी. सिनेमाचे कपडे शिवलेत."

"मग वाट चुकलासा."

"माझे वडील सेंटरला दर्जी होते, साहेब."

ते थोडे वळले. नाव विचारलं, सेंटर विचारलं. "आमच्या पलटनीतलं न्हवतं," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तरी बसा."

मी पट्ट्यांचं विचारलं आणि त्यांनी सांगितलंही. मग हात पुढं केला. मी शर्ट दिला. डोळ्यांपेक्षा बोटांनीच त्यांनी तो पाहिला. कॉलर, बाहीची शिवण, बटणं.

"काजं हातची हायती."

"व्हय. आमच्या घरच्यांनी केलीत."

"कुनाचा ह्यो?"

"दिनकररावांचा."

बोटं थांबली. मला वाटलं आता शर्ट अंगावर फेकतील. पण त्यांनी तो छातीपाशी दोन्ही हातांनी ताणून धरला. "एवडा ढगळ? माप घ्याला येत न्हाई का तुमाला?"

चाळीस वर्षं कात्री चालवलेल्या शिंप्याला हे लागतं. मी म्हणालो, "माप येतं, साहेब. गिऱ्हाइकानं श्वास धरला हुता." आणि मग सगळं सांगून टाकलं. ती दुपार, त्या ताठ माना, चाळीस आणि एकेचाळीस.

"तेरा बी जनांनी?"

"व्हय. अकरा गावातले, आन् त्येंचं बगून बाहेरचे दोगं."

आधी त्यांचे खांदे हलायला लागले. मग आवाज फुटला. ते हसत होते. खोकला येईपर्यंत हसले. सून आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली आणि सासऱ्याला हसताना बघून दारातच थांबली.

"आमची पयली वर्दी बगाया पायजे हुती तुमी," ते म्हणाले. "स्टोअरवाला तोंडाकडं बगायचाच न्हाई, हाताला यील ते फेकायचा. माज्या शर्टात मी आन् शेजारचा रंगरूट, दोगं मावलो असतो. एक बूट आठ नंबर, एक नऊ. लंगरातला आचारी बी हसायचा आमाला. लय हसायची लोकं."

"मग वर्दी अंगाला बसली कवा, साहेब?"

"कसम परेडच्या आदी. झेंड्याम्होरं शपत घ्याची असती न्हवं, तवा. त्या आटवड्यात दर्जी यायचा आन् पयल्यांदा अंगाला टेप लावायचा. तवर कापड सरकारचं. तवापास्नं आपलं."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. कसम परेडच्या आधीच्या आठवड्यात अब्बा जेवायलाही घरी येत नसत, मी डबा घेऊन जायचो. त्या शेडबाहेर ढगळ कपड्यातली पोरं रांगेनं उभी असायची आणि आतून नीट होऊन बाहेर पडायची. इतकं डोळ्यांसमोर घडलेलं, आणि मला त्याची आठवण शहाऐंशी वर्षांच्या माणसाला करून द्यावी लागली.

निघताना मी धीर केला. "साहेब, दिनकररावांना वाटतं, तुमाला त्यांची लाज वाटती."

ते शर्टाची घडी घालत राहिले, कडेला कड लावून.

"तेची न्हाई," ते म्हणाले. "तवा मी नुकताच पेन्शनीवर आलो हुतो. भरतीचा सायेब वळकीचा हुता. एक शब्द टाकला असता तर एका सेंटिमीटरचं कोन बगतंय? न्हाई टाकला. बरोबरच केलं मी. पर त्येच्यानंतर पोराच्या तोंडाकडं बगाया हुईना. मग तीच सवय लागली."

मी शर्टासाठी हात पुढं केला. "ऱ्हाऊ द्या हितंच," ते म्हणाले. "बगतो."

तिथून मी थेट मॅडमकडं गेलो. चुकीची कबुली दिली, श्वासाची गोष्ट सांगितली, कसम परेडची सांगितली. शेवटच्या सीनमध्ये हे तेरा जण गाडी पकडायला स्टेशनकडं कूच करतात, आणि तेव्हाही लोकांनी हसावं असं कागदावर लिहिलेलं होतं. मी म्हणालो, "मॅडम, तोवर ते शिपाई झालेले असतील. शिपायाची वर्दी अंगाला बसते." त्या कागदाकडं बघत राहिल्या. मग विचारलं, "परवा शेवटचा दिवस आहे. तेरा जोड होतील?" मी म्हणालो, "शर्टाला बाजूनं आत घ्यायचंय आणि चड्डीला उसवायचंय. दोन इंच दाब आहे आत." अब्बांचे त्या क्षणी मी जितके आभार मानले तितके ते हयात असताना कधी मानले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गोडाऊनमध्ये पुन्हा मापं. ह्या वेळी मी एकेकाला गप्पांत घेतलं, हसवलं, खरी मापं काढली. कुणी अडतीस, कुणी सदतीस. कंबर मात्र कुणाचीच छत्तीसच्या आत नाही. मग दिनकर पुढं आला. टेप लागली आणि छाती वर गेली.

"श्वास सोडा, दिनकरराव."

"सोडलाय की."

सोडला नव्हता. पाणी किती वाजता सोडता, विचारलं. तो उत्तर देईना. दोनदा, तीनदा प्रयत्न केला. त्याला कळत होतं, तरी अंग ऐकत नव्हतं. रांगेतले बाकीचे हसायला लागले आणि तो आणखीच ताठ झाला.

तेवढ्यात दारातून काठीचा आवाज आला. सुभेदार सुनेचा हात धरून आत येत होते. दुसऱ्या हातात घडी केलेला शर्ट. "ह्यो ऱ्हायला हुता घरी. द्यायला आलो," ते मला म्हणाले. रांग आपोआप सरळ झाली. मी शर्ट घेतला. ते माघारी फिरले नाहीत. काठी टेकत दिनकरसमोर येऊन उभे राहिले, अगदी जवळ, कारण लांबून त्यांना दिसत नव्हतं. टेप अजून त्याच्या छातीभोवती माझ्या हातात होती. म्हाताऱ्यानं आपला पंजा त्या टेपेवर ठेवला.

"सोड श्वास, दिनू," ते म्हणाले. "झाली तुजी भरती."

दिनकरनं श्वास सोडला. माझ्या बोटांखाली टेप सैल पडत गेली, पडतच राहिली. तो तिथं उभ्या उभ्या रडला आणि त्याला कुणी हसलं नाही. साडेअडतीस. मी वहीत लिहिलं, चाळीसच्या शेजारीच. ती वही मी जपून ठेवली आहे.

मग दीड दिवस आमची मशीनं थांबली नाहीत. माझे दोन कारागीर, मी, आणि बटणं सरकवून पुन्हा लावायला माझी बायको. गावातल्या दोन बायकांनी स्वतःहून इस्त्र्या आणल्या. सिनेमा पुढं लागला, बरा चालला, लोक पोट धरून हसले आणि शेवटी गप्प होऊन बाहेर पडले, असं ऐकतो. माझं नाव पडद्यावर इतक्या भरभर वर गेलं की नातवाला दाखवेपर्यंत संपलं. त्याचं काही वाटलं नाही. ह्या धंद्यानं मला पोटापुरतं दिलं, मान दिला, आणि वर त्या गावातली एक सकाळ दिली. तिच्याबद्दल मी ऋणी आहे, आणि ते कुठंतरी लिहून ठेवावं म्हणून हा लेख.

शेवटच्या दिवशी माळावर तेरा जण रांगेत उभे राहिले. पोटं तीच, टकलं तीच, पण वर्दी अंगाला बसलेली. गाव बघत होता आणि कुणी हसत नव्हतं. मॅडम कॅमेरा चालू करणार एवढ्यात सुभेदार खुर्चीवरून उठले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मॅडमनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. रांगेच्या एका टोकापासून सुभेदारांनी सुरुवात केली. प्रत्येकापुढं थांबायचं, तोंड पार कपड्याजवळ न्यायचं, वरपासून खालपर्यंत बघायचं, पुढं सरकायचं. दिनकर नववा होता. त्याच्यापुढं ते इतका वेळ थांबले की मला काळजी वाटायला लागली. कॉलर बघितली, खिसे बघितले, पट्टा बघितला. मग मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघितलं, सावकाश, आधी एका बाजूनं आणि मग दुसऱ्या बाजूनं.

मग माझ्याकडं वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "मास्तर, डावी बाही अर्धा इंच लांब हाय."

मी जाऊन पाहिलं. खरंच होती. चाळीस वर्षांत कुणी माझी चूक काढल्याचा मला इतका आनंद झाला नव्हता.